दुष्काळाच्या इतिहासाकडे येताना

दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. त्याच्या भरावाची माती वाहणारे बहुतेक लोक रेल्वेच्या कामाला सरावलेले मजूर नव्हते. १८७६ च्या पावसाने दगा दिलेले शेतकरी, शेतमजूर, त्यांच्या बायका आणि हाताशी आलेली पोरं अशी ती माणसं होती. नीरेच्या डाव्या कालव्याचं कामही त्याच दुष्काळात सुरू झालं. १८८५ मध्ये त्याला पाणी सुटलं आणि पुढे बारामती-इंदापूरकडचा ऊस त्या पाण्यावर उभा राहिला. आज ज्याला आपण सुबत्तेचा पट्टा म्हणतो त्याच्या पाटाची पहिली खोदाई उपाशी माणसांनी केलेली आहे. हे कळल्यावर कोणाला वाईट वाटतं, कोणाला राग येतो, आणि दोन्ही रास्तच आहे. या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांसाठी प्रस्तावना लिहायला बसलो आहे, तर मला तिसरी एक गोष्ट सांगायची आहे. आपल्याकडच्या भूतकाळातला सगळ्यात उमेद देणारा भाग कोणता, असं मला कोणी विचारलं तर मी दुष्काळाचा इतिहास हेच उत्तर देईन.

हे ऐकून विद्यार्थी चमकतात. दुष्काळ म्हटला की डोळ्यांसमोर येतात ती हाडांचे सापळे दाखवणारी जुनी छायाचित्रं आणि मृतांचे आकडे. त्यापेक्षा गड-किल्ले बरे, निदान तिथे कोणीतरी जिंकतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. गड-किल्ल्यांशी माझं काही वाकडं नाही. पण पराक्रमाच्या इतिहासातून मिळणारी उमेद उसनी असते. तो पराक्रम करणारा माणूस आपण नसतो, आणि तसा पुन्हा जन्माला येईपर्यंत वाट बघणं एवढंच आपल्या हाती उरतं. दुष्काळाच्या कागदांत असा एक नायक सापडत नाही. तिथे अर्ज आहेत, हजेरीपट आहेत, धान्याचे भाव आहेत, तक्रारी आहेत, कामावरून निघून गेलेल्या लोकांच्या नोंदी आहेत. साडेतीनशे वर्षांत कोणत्या क्रमाने काय बदललं हे त्यांतून दिसतं, आणि ते बदलणारे हात कोणाचे होते हेही.

जुनी माणसं संकटाला ‘आस्मानी-सुलतानी’ म्हणत. मक्त्याच्या करारांत तशी अट असे: आस्मानी-सुलतानी झाली तर सूट मिळेल. पाऊस पडला नाही ती आस्मानी, आणि फौज पिकातून गेली किंवा अंमलदाराने जुलूम केला ती सुलतानी. करार लिहिणाऱ्या कुळकर्ण्याला दोन्ही एकाच कलमात घालावीशी वाटली, याचा अर्थ दुष्काळातला निम्मा भाग माणसाच्या करणीचा असतो हे गावाला पुस्तकं न वाचताच ठाऊक होतं. आपण या अभ्यासात जे करतो ते एवढंच, की त्या निम्म्या भागाचा हिशेब मांडतो.

१६३०-३२ च्या दुष्काळापासून सुरुवात करू. देहूच्या तुकोबांचा व्यापार त्यात बुडाला आणि पहिली बायको अन्नावाचून गेली. ही गोष्ट त्यांनी स्वतः अभंगांत सांगितली आहे, म्हणून मराठी माणसाला तो दुष्काळ आकड्यांआधी घरातल्या दुःखासारखा माहीत असतो. त्याच काळात शहाजहान बुऱ्हाणपुरास मुक्कामाला होता. दरबारी बखरकार अब्दुल हमीद लाहोरीने त्या दुष्काळाचं अंगावर काटा आणणारं वर्णन केलं आहे, आणि बादशहाने लंगर उघडले, साऱ्यात सूट दिली, हेही लिहून ठेवलं आहे. बादशहाची फौज दख्खनेत उतरलेली होती, म्हणजे सुलतानीही तीच आणि लंगरही तिचाच. या काळात मदत म्हणजे राजाचं पुण्य होतं. राजाच्या मनात आलं तर लंगर, नाही आलं तर नाही. मदत मिळाली नाही म्हणून दाद मागायची जागाच नव्हती.

तरीही त्या काळातला एक कागद मला फार मोलाचा वाटतो, तो म्हणजे कौल. दुष्काळाने किंवा स्वारीने गाव बेचिराग झालं, कुणबी परागंदा झाले, की अंमलदार पाटलाच्या आणि रयतेच्या नावे अभयपत्र देई: परत या, जमीन लागवडीस आणा, सारा एकदम मागणार नाही. पहिल्या साली नाममात्र, दुसऱ्या साली जरा जास्त, असा दर चढत जाऊन काही वर्षांनी पुऱ्या दरावर येई. या चढत्या बांधणीला इस्तावा म्हणत. जोडीला बैल आणि बियाण्यासाठी तगाई. शिवकाळात ही पद्धत होती आणि पेशवाईतही. असा कागद हातात घेतला की पहिल्यांदा तो रुक्ष वाटतो. तेच ते मायने, तेच ते शिक्के. पण दोनदा वाचलं की लक्षात येतं, की पडीक शिवारापुढे बसून कोणीतरी पुढच्या पाच-सात वर्षांचं कोष्टक मांडतो आहे. गाव आहे असं धरून चाललेला तो हिशेब आहे, आणि लिहिला त्या दिवशी गावात दिवाही लागत नव्हता. यात दयाबुद्धी किती आणि तिजोरीची काळजी किती, यावर अभ्यासकांनी खुशाल भांडावं. माझ्या मते तिजोरीची काळजी जास्त होती, आणि म्हणूनच ती पद्धत टिकली.

आता एकोणिसाव्या शतकाकडे येऊ. इथे थोडं थांबावं लागेल, कारण उमेद कुठून येते ते इथेच नीट दिसतं. रिचर्ड टेंपल हे नाव लक्षात ठेवा. १८७३-७४ मध्ये बिहारमध्ये पीक बुडालं तेव्हा टेंपलने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, खर्चाकडे फारसं न बघता वाटला, आणि माणसं वाचली. मृत्यू इतके कमी झाले की तो दुष्काळ लोकांच्या आठवणीतही राहिला नाही. बक्षीस काय मिळालं? उधळपट्टी केली म्हणून लंडन-कलकत्त्याकडून टीका. तीन वर्षांनी दख्खन आणि मद्रास इलाख्यात त्याहून मोठा दुष्काळ पडला तेव्हा हाच टेंपल हिंदुस्थान सरकारचा प्रतिनिधी म्हणून आला, आणि या खेपेस काटकसर दाखवायची असं ठरवूनच आला. कामावरच्या धडधाकट पुरुषाला रोज एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, आणि वर एखादा आणा पुरेल असा दर त्याने सुचवला. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी एवढ्यावर खोदकाम करणारा माणूस जगत नाही असा वाद घातला. त्याच सुमारास, १ जानेवारी १८७७ रोजी, दिल्लीत व्हाइसरॉय लिटनचा दरबार भरला होता, आणि बंदरांतून धान्य बाहेर जातच होतं. ब्रिटिश हिंदुस्थानात या दुष्काळाने पन्नास लाखांहून जास्त माणसं मेली, असा सरकारी आयोगाचाच अंदाज आहे.

एकाच माणसाच्या हातून तीन वर्षांच्या अंतराने ह्या दोन गोष्टी घडल्या. याचा अर्थ काय ते नीट लक्षात घ्यायला हवं. १८७७ मध्ये माणसं मेली ती काय करायचं हे ठाऊक नव्हतं म्हणून नव्हे. ते ठाऊक होतं, करून झालेलं होतं, आणि तसं करू नये असं ठरवलं गेलं. मला तरी हे कळलं की आधी संताप येतो आणि मग जरा बळ येतं. जे ठरवून झालं ते वेगळं ठरवताही येतं. नियती म्हणून हात जोडायची सोय इतिहास काढून घेतो, आणि मला ती त्याची मोठी देणगी वाटते.

मजुरी कापल्यावर काय झालं, ते सरकारी अहवालांतच नोंदलेलं आहे. १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यातल्या कामांवरून हजारो माणसं टोपल्या टाकून निघून गेली. उपाशी माणसांनी संप केला! पोटात अन्न नसताना मजुरी नाकारायची ही ताकद कुठून आली, हा प्रश्न अजून कोणीतरी हाती घ्यावा असा आहे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सोबत्यांनी, त्यांची बाजू उचलली. सभा १८७० मध्ये स्थापन झाली होती. तिने जिल्ह्याजिल्ह्यांतून दुष्काळाचे वृत्तांत मागवले, कोणत्या तालुक्यात पीक किती आणे आलं, भाव काय, लोक कुठे चालले, हे गोळा करून सरकारला अर्जामागून अर्ज धाडले. न्यायमूर्ती रानड्यांचा हात त्या मांडणीत होता. सरकारी आकड्यांना लोकांनी गोळा केलेल्या आकड्यांनी उत्तर द्यायचं, ही आपल्याकडची रीत इथे मूळ धरते.

आणि त्याच वसंतात जुन्नर भागातल्या ओतूरहून सावित्रीबाई फुल्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. तारीख २० एप्रिल १८७७. सावित्रीबाईंची जी थोडी पत्रं उरली आहेत त्यांतलं हे एक, आणि माझ्या मते दुष्काळाच्या अभ्यासकाने पहिल्यांदा वाचावं ते हेच. दुष्काळाचं साल सरलं तरी दुष्काळ सरला नाही, माणसं गाव सोडून चालली आहेत, जनावरं मरताहेत, सावकार लुबाडताहेत, असं सगळं त्यात आहे. सत्यशोधक कार्यकर्त्यांना सावकारांच्या तक्रारीवरून धरून नेलं तेव्हा सावित्रीबाई थेट कलेक्टरशी बोलल्या, आणि ती माणसं सुटली. पत्र नवऱ्याला लिहिलेलं आहे, पण सूर घरगुती नाही. मोर्चावर गेलेल्या कार्यकर्तीने दुसऱ्या मोर्चावरच्या सहकाऱ्याला दिलेला तो अहवाल आहे: इथे काय झालं, मी काय बोलले, पुढे काय लागेल. जोतीराव तिकडे धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी छावणी उभारण्याच्या खटपटीत होते. लंगर उघडणाऱ्या बादशहाकडून कलेक्टरशी वाद घालणाऱ्या बाईपर्यंत आपण आलो ते अडीचशे वर्षांत. या वाटेवर कोणतीही पायरी आपोआप चढली गेली नाही.

१८७८ मध्ये स्ट्रॅचीच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग बसला, १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यातून फॅमिन कोड निघाले. हे कोड म्हणजे अंमलदारासाठी सूचनावही: पाऊस लांबला, भाव चढले, लोक गावं सोडू लागले की काय करायचं, चाचणीची कामं कधी उघडायची, दर कसा ठरवायचा. ते हुकूम होते, हक्क नव्हते. पण छापील हुकुमाचा एक गुण असा, की ज्याच्यासाठी तो लिहिलेला नसतो त्यालाही तो वाचता येतो. १८९६ मध्ये पुन्हा पीक बुडालं तेव्हा टिळकांनी ‘केसरी’तून नेमकं हे केलं. कोडातल्या तरतुदी मराठीत सांगितल्या, सभेची माणसं गावोगाव धाडली, आणि पीक नसताना भांडीकुंडी, बैल विकून सारा भरू नका, सूट मागा, असं शेतकऱ्याला बजावलं. सरकारला हे फार झोंबलं. १८९७ मध्ये सभेची सरकारदरबारची मान्यताच गेली. माझ्या मते मराठी पत्रकारितेतली ती सर्वांत मोठी कामगिरी आहे, आणि तिच्यात अग्रलेखाच्या भाषेपेक्षा कलमांच्या भाषांतराचा वाटा जास्त आहे. प्लेग आणि रँड यांच्या धामधुमीत ती झाकोळून गेली.

एवढ्याने सगळं सुधारलं असं मात्र कोणी समजू नये. कोड हातात असतानाच १८९९-१९०० चा दुष्काळ आला, ज्याला गुजरात-राजस्थानात छप्पनिया म्हणतात, आणि पुन्हा लाखो माणसं गेली. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात त्या काळात आलेल्या मुली कुठकुठल्या मुलखातल्या होत्या, एवढं जरी पाहिलं तरी त्या आपत्तीचा पसारा ध्यानात येतो. त्या दुष्काळाने एक अनपेक्षित वळणही दिलं. पाऊस आधी सांगता येईल का, या प्रश्नाला धार आली. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या हवामानखात्यात १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हा गणिती प्रमुख म्हणून आला आणि जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे ताडून पाहू लागला. प्रशांत महासागराच्या दोन टोकांच्या दाबाचा झोका आणि आपला मॉन्सून यांचं नातं त्यातून हाती लागलं. आज बातम्यांत एल निन्योचं नाव येतं त्यामागे ती आकडेमोड आहे. १९२८ मध्ये हे खातं सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिस चौकात सिग्नलला अडकलेल्या पुणेकराला त्या नावाचा दुष्काळाशी संबंध असेल अशी शंकाही येत नाही.

यानंतरची चाळीस वर्षं मी इथे ओलांडतो. १९४३ च्या बंगालची कहाणी तुम्हाला अमर्त्य सेन यांच्याकडून ऐकायला मिळेल. लहानपणी शांतिनिकेतनात त्यांनी ती माणसं पाहिली होती, आणि धान्य असूनही माणसं का मरतात हा प्रश्न त्यांनी पुढे जगापुढे ठेवला. मी १९७२ कडे येतो.

महाराष्ट्रात १९७० पासून सलग तीन वर्षं पाऊस रुसला होता. १९७२ ला तर कहर झाला. ते दिवस पाहिलेली माणसं अजून घराघरांत आहेत, आणि त्यांच्या तोंडून येणारे शब्द ठरलेले आहेत: खडी फोडणं, नालाबांध, पाझर तलाव, सुकडी, मिलो. मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. तिच्या भाकरीला नावं न ठेवलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या घरात. म्हणजे लहान मूल आणि जर्जर म्हातारा धरूनही दर दहा माणसांमागे एक जण हातात कुदळ नाहीतर डोक्यावर पाटी घेऊन कामावर होता. त्यांत बायकांचा वाटा फार मोठा होता. शंभर वर्षांपूर्वी ज्या प्रमाणात पीक बुडाल्यावर गावंच्या गावं मोकळी झाली असती, त्या प्रमाणात पीक बुडूनही तसं झालं नाही. ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा जो अभ्यास केला तो जगभर वाचला जातो, तो याच कारणाने.

हे कसं घडलं? पाऊस काही दयाळू झाला नव्हता. रेल्वे होती, पण ती १८७७ लाही होती. फरक पडला तो असा, की काम मागणाऱ्याकडे मत होतं, मोर्चे होते, तहसील कचेरीला घेराव घालणारे पक्ष होते, विधानसभेत रोज प्रश्न होते आणि दुसऱ्या दिवशी ते छापून येत होते. आणि खणायला कुठे काय, याची कल्पना आधीच कोणीतरी करून पाहिलेली होती. वि. स. पागे हे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, म्हणजे स्वतःच्याच भागात, मागेल त्याला काम ही योजना छोट्या प्रमाणात चालवून पाहिली होती. ती रोजगार हमी म्हणून राज्यभर गेली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर भत्ता. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. नोकरदार वाचकांनी आपली पगारचिठ्ठी काढून पाहावी. दरमहा कापल्या जाणाऱ्या ‘पी. टी.’च्या त्या ओळीचं मूळ इथे आहे. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाची हमी घ्यायची, असा तो करार होता. बहुतेकांनी त्यावर न वाचताच सही केली आहे. २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी कायदा केला तेव्हा त्याच्यामागे हा महाराष्ट्रातला अनुभव उभा होता. १८७७ ला जो संप होता आणि १८९६ ला जो मराठी तर्जुमा होता, तो १९७९ ला कायद्याचं कलम झाला.

इथे थांबून टाळ्या वाजवायचा मोह होतो. तो आवरा. लोकसंख्येचे अभ्यासक टिम डायसन आणि अरूप महारत्न यांनी जन्म-मृत्यूच्या नोंदी तपासून १९७२-७३ मध्येही मृत्यू वाढल्याचं दाखवलं. उपासमारीने रस्त्यावर माणसं पडली नाहीत, हे खरं. पण कुपोषणाने आणि आजाराने कोणी दगावलंच नाही, हे खरं नाही. दुसरी गोष्ट पाण्याची. जाणती माणसं सांगतात की बहात्तरला अन्नाचा दुष्काळ होता, प्यायला पाणी होतं. त्यानंतर विहिरी खोल खणायची यारी मशीन गावोगाव फिरली, बोअरवेल दोनशे-तीनशे फुटांवर गेल्या, आणि पुढचे दुष्काळ पाण्याचे झाले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींनी लातूरला पाणी न्यावं लागलं. एका दुष्काळावरचा इलाज पुढच्याचं कारण होऊन बसतो, हे या अभ्यासात वारंवार भेटेल. नीरेच्या कालव्यावरचा ऊसही त्याच यादीत घालायला हवा, कोणाला आवडो न आवडो.

म्हणून मला त्या काळातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते, आणि ती रोजगार हमीपेक्षा कमी सांगितली जाते. विलासराव साळुंखे हे पुण्यातले कारखानदार. बहात्तरच्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात फिरताना त्यांच्या लक्षात आलं की लोक रस्ते खणताहेत आणि पाणी अडवायची कामं पडून आहेत. त्यांनी नायगावला एका उघड्या माळावर पाणलोटाचं काम सुरू केलं, आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. नियम असे: पाणी जमिनीच्या एकरांवर मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर मिळेल. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. हे सगळं सर्वत्र पसरलं नाही, याची कारणं उघड आहेत. पण खान्देश-नाशिककडची फड पद्धत किंवा गोंदिया-भंडाऱ्याचे मालगुजारी तलाव ज्याने अभ्यासले आहेत, त्याला हे नियम ओळखीचे वाटतील. पांझरेच्या काठी बंधाऱ्याचं पाणी शिवाराचे फड पाडून, पाटकऱ्याच्या देखरेखीखाली पिढ्यान्‌पिढ्या वाटलं जात होतं. पाणी वाटून घेणं आपल्याला जमत नाही, असं आज कोणी म्हणालं तर ते विधान भूतकाळाच्या बाबतीत चूक आहे, एवढं तरी अभ्यासक पुराव्यानिशी सांगू शकतो. हवामान बदलाच्या बातम्या वाचून खचलेल्या विशीतल्या मुलामुलींना मी एवढंच सांगतो.

आता प्रवेश कुठून करायचा ते. आपल्या जिल्ह्याचा कॅम्पबेलच्या काळातला गॅझेटिअर आधी काढा. १८८० च्या दशकातले ते खंड आहेत, आणि शेतीच्या प्रकरणात त्या जिल्ह्यातल्या दुष्काळांची वर्षं आणि हकीगत मिळते. त्यात साहेबाची नजर आहे हे धरून वाचायचं. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं अभिलेखागार आहे, तिथे महसूल खात्याच्या फायली. पेशवे दप्तर पुण्यात, आणि त्यातले वेचे सरदेसाईंनी पंचेचाळीस खंडांत छापले आहेत, म्हणजे मोडी येण्याआधीही हात घालता येतो. मोडीची भीती बाळगू नका. पहिले काही आठवडे अक्षरं मुंग्यांसारखी पळतात, मग मायने ओळखीचे होतात आणि नजर बसते. बायकांचा दुष्काळ या कागदांत कमी सापडेल. त्यासाठी हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांकडे वळावं लागेल. त्या एक लाखाहून जास्त आहेत.

पुस्तकांत भाटियांचं हिंदुस्थानातल्या दुष्काळांवरचं १९६३ चं पुस्तक आधी, मग मिशेल मॅक्अल्पिन आणि माइक डेव्हिस एकापाठोपाठ. पहिल्या बाईंना रेल्वे आणि बाजाराने दुष्काळाची धार बोथट झालेली दिसते, दुसऱ्याला त्याच रेल्वेतून धान्य बाहेर जाताना दिसतं. दोघांचा वाद आपल्याच पश्चिम भारताच्या आकड्यांवर चालला आहे, आणि त्यात मराठी कागद वापरणारं कोणी उतरलं तर दोन्ही बाजूंना उत्तर द्यावं लागेल.

आणि घरात कोणी ऐंशीच्या पुढचं असेल तर तिथूनच सुरू करा. फक्त ‘बहात्तरचा दुष्काळ कसा होता?’ असं विचारू नका; ‘लई वाईट’ एवढंच उत्तर येतं. मिलोची भाकरी थापताना तुटायची का, ते विचारा. मुकादम कोण होता, खड्ड्याचं माप कोण घ्यायचं, पगार कोणत्या वारी व्हायचा, कामावर पाणी कोण वाढायचं आणि कोणाच्या हातचं कोण प्यायचं नाही, ते विचारा. तास दोन तास कुठे जातात कळत नाही. मग गावात त्या साली खणलेला पाझर तलाव असेल तो पाहून या, त्याच्याखालच्या विहिरींचे सातबारे काढा, आणि ज्यांची नावं हजेरीपटावर होती त्यांतल्या किती जणांची जमीन आज त्या पाण्यावर भिजते ते मोजा. असं मोजून झालेली गावं अजून फार थोडी आहेत, त्यामुळे तुमच्या तालुक्यातलं काम बहुधा तुमच्यासाठीच शिल्लक असेल.